थांबू देत, पण काळ्या शर्टात नको

'मामा, आमच्या ह्यांना रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की राहवत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. जत्रा असो की लग्नघर, आम्ही कुठंच वेळेवर पोचलेलो नाही. आजवर हसून सोडून दिलं. पण गेल्या डिसेंबरात कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊन येताना, संकेश्वर सोडल्यावर रात्री साडेदहाला, एक भाजीचा पिकअप पंक्चर होऊन उभा होता. ह्यांनी त्याच्या मागेच आमची गाडी लावली, मागे रस्त्यावर चार दगड मांडले आणि मोबाइलची बॅटरी दातात धरून पाना फिरवायला बसले. अंगात काळा टी-शर्ट. मी दोन्ही मुलांना घेऊन गाडीतच होते. एक ट्रक इतक्या जवळून गेला की आमची गाडी हलली. तेव्हापासून घरात धुसफूस आहे. ते म्हणतात, उद्या आपली गाडी बंद पडली तर? मी म्हणते, तुम्हीच उरला नाहीत तर? सासूबाईंच्या लेखी मी माणुसकी नसलेली बाई ठरलेय. त्यांना हे थांबणं बंद करायला तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील.'

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

ताई,

काकतीजवळ हायवेला लागून तीस वर्षं माझं गॅरेज होतं. ज्याचं पोट रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांवर चाललं, त्याला तुम्ही सांगताय की मदतीला थांबणाऱ्याला अडवा! मी तसं सांगणार नाही, आणि सांगून उपयोगही नाही. अकरा वर्षांत तुम्हाला जे जमलं नाही ते माझ्या एका पत्रानं होणार नाही. मदतीची खोड असलेला माणूस घरी 'थांबत नाही' असं सांगून थांबतो, एवढाच फरक पडेल.

पण तुम्ही घाबरलात ते बरोबर आहे. किंबहुना कमीच घाबरलात. त्या रात्री ट्रकच्या सगळ्यात जवळ तुमचे मिस्टर नव्हते, तुम्ही आणि मुलं होता. उभ्या गाड्या मागून ठोकल्या जातात. तो ट्रक हातभर डावीकडून आला असता तर पहिला दणका तुमच्या मागच्या सीटला बसला असता. तुमची गाडी पुढे ढकलली गेली असती, आणि पुढे पिकअपच्या चाकापाशी कोण वाकलं होतं? म्हणजे मदतीला लावलेली गाडीच त्यांच्या अंगावर गेली असती. हे मिस्टरांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. बहुतेकांच्या येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

१९९६ च्या पावसाळ्यात वंटमुरी घाटात एका ट्रकचा फॅनबेल्ट तुटला म्हणून मला बोलावलं होतं. संध्याकाळची वेळ, रिपरिप चालू. मी माझी जीप ट्रकच्या नाकासमोर, उलट्या तोंडानं लावली, म्हणजे हेडलाइटचा उजेड इंजिनावर पडेल. जीप आणि ट्रकच्या मधे मी. ट्रकच्या मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला माझे दिवे त्याच्या डाव्या हाताला दिसले. आता डाव्या हाताला हेडलाइट दिसला तर माणूस काय समजेल? समोरून गाडी येतेय आणि आपला रस्ता त्या दिव्यांच्याही डावीकडून आहे असंच समजेल. तो गोंधळला, ब्रेक मारला, घसरला आणि ट्रकच्या मागं येऊन लागला. माझ्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. टेम्पोवाल्याला मी तेव्हा फार शिव्या घातल्या. पुढं वर्षभरानं कळलं की चूक माझ्या दिव्यांची होती.

म्हणून पुढचा भाग तुम्ही वाचून त्यांना सांगू नका. कागदच त्यांच्या हातात द्या.

दादा, गाडी लावायची ती बंद पडलेल्या गाडीच्या पुढं, वीस-पंचवीस पावलं सोडून, डांबराच्या खाली, साइडपट्टीवर, तोंड रहदारीच्याच दिशेला. मागं लावायची नाही. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत कधी उभं राहायचं नाही, पाना आणायलासुद्धा नाही. उजेड पाहिजे तर डोक्याला बांधायची बॅटरी मिळते, ती घ्या. दात मोकळे राहतील. रहदारीकडच्या बाजूचं चाक पंक्चर असेल आणि गाडी डांबरालगत असेल, तर आधी गाडी हळूहळू पुढं, मोकळ्या जागेत न्यायला लावा. टायर फाटेल, रिम वाकेल. वाकू दे. रिम गॅरेजात सरळ होते.

आणि तो काळा टी-शर्ट. जरा हिशेब करा. ८० च्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. डिपरच्या उजेडात काळे कपडे घातलेला माणूस साधारण तीस-पस्तीस मीटरवर आल्यावर ड्रायव्हरला दिसतो. दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेकवर पाय पडायच्या आत गाडी जवळजवळ तुमच्यापाशी पोचलेली असते. ड्रायव्हर झोपलेला नको, दारू प्यायलेला नको, चांगला शहाणा माणूस असला तरी हेच. ट्रक भरलेला असेल, रस्ता ओला असेल, तर विचारूच नका. पांढऱ्या शर्टानं थोडं अंतर वाढतं. रेडियमची पट्टी मात्र शंभर-दीडशे मीटरवरून चमकते. तेवढ्यात ड्रायव्हर वेग कमी करतो, उजवी घेतो, वर हॉर्न मारून शिवीही देतो. शिवी ऐकू आली म्हणजे तुम्ही दिसलात.

जॅकेट शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, उद्यमबागेत सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडं विचारा. घेताना बघून घ्या. भडक केशरी किंवा पोपटी कापड दिवसाचं काम करतं, उन्हात आणि तिन्हीसांजेला. रात्री त्या रंगाचा काडीचा उपयोग नाही. रात्री काम करते ती चंदेरी पट्टी. हेडलाइटचा उजेड ती आला त्या दिशेलाच परत पाठवते, म्हणून ड्रायव्हरला लखलखीत दिसते आणि बाजूला उभ्या माणसाला साधीच दिसते. नुसतं केशरी जॅकेट घालून रात्री फिरणारे बरेच पाहिलेत मी, अंगात सेफ्टी आहे म्हणून आणखीच निर्धास्त. शक्य असेल तर घोट्याला आणि मनगटालाही पट्टी गुंडाळा. हलणारे पाय दिसले की ड्रायव्हरला पटकन कळतं, हा माणूस आहे, रस्त्याकडेचा खांब नव्हे.

जॅकेट डिकीत ठेवायचं नाही. डिकीपर्यंत चालत जाताना अंगात काय असणार, काळा टी-शर्टच ना? ड्रायव्हर सीटखाली ठेवा, दार उघडायच्या आधी घाला. मागच्या काचेपाशीही नको, उन्हानं वर्षभरात रंग विटतो. मळलं तर धुवा. धूळ बसलेली पट्टी चमकत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. पिकअपचा फाळका खाली सोडला की बऱ्याचदा मागचे दिवे झाकले जातात. कारची डिकी उघडली की काही गाड्यांचे दिवे डिकीबरोबरच वर जातात. आणि मदतीला जमलेले चार जण कुठं उभे राहतात? बरोबर टेल लाइटसमोर, हात मागं बांधून. चारही इंडिकेटर लावलेत म्हणून सगळे निवांत, आणि मागून येणाऱ्याला दिसतायत फक्त पँटी. आधी फाळका वर, डिकी बंद, आणि बघ्यांना बांधाकडं हाकला.

लाल त्रिकोण नव्या कारबरोबर मिळतो. तुमच्या डिकीत, स्टेपनीच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत अजून न उघडलेला असणार, पैज लावतो. हायवेवर तो गाडीच्या मागं दीडशे पावलांवर ठेवायचा, म्हणजे शंभर मीटर पडतात. वळण असेल तर वळणाच्या अलीकडं, चढाचा माथा असेल तर माथ्याच्या अलीकडं. नेताना छातीशी धरून, तोंड रहदारीकडं करून, डांबराच्या बाहेरून चालायचं. घाटातल्या दुपदरी रस्त्यावर दोन्ही अंगांना खूण पाहिजे, खालून येणाऱ्यालाही आणि वरून येणाऱ्यालाही.

आता ताई, कागद परत घ्या. तुमचं काम वेगळं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं.

पहिलं, मुलं बरोबर असताना रात्री हायवेच्या मुख्य रस्त्यावर थांबायचं नाही. यात मिस्टरांशी वाद घालायला माझी पूर्ण परवानगी. गाडी पुढच्या ढाब्यावर किंवा पंपावर घ्या आणि तिथून फोन लावा. ही मदत कमी नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा नंबर आहे. टोलवाल्यांची गस्तीची गाडी, क्रेन, ॲम्ब्युलन्स यांची सोय त्यातूनच होते. पिवळ्या दिव्याची गस्तीगाडी मागं उभी राहिली की त्या पिकअपवाल्याला जेवढं संरक्षण मिळतं, तेवढं तुमच्या मिस्टरांच्या चार दगडांनी मिळत नाही. माणूस जखमी असेल तर १०८, पोलीस पाहिजेत तर ११२. फोनवर पलीकडचा कन्नडमध्ये बोलला तर बुजू नका. 'गाडी केट्टिदे' म्हणजे गाडी बिघडलीय, 'अपघात आगिदे' म्हणजे अपघात झालाय. एवढं बोला आणि पुढं हिंदीत सांगा, समजून घेतात. आपल्या सीमाभागात एखादवेळी फोन पलीकडच्या राज्याच्या टॉवरवर जातो, म्हणून 'कोगनोळीच्या अलीकडं' असं सांगू नका. तुमचं अलीकडं त्यांचं पलीकडं असतं. रस्त्याचं नाव, तोंड बेळगावकडं की कोल्हापूरकडं, आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा. मुलांना तो आकडा वाचायची सवय लावा. प्रवासात गप्प बसतील, तेवढाच फायदा.

दुसरं, दिवसा किंवा मोकळ्या जागी थांबलात तर गाडीत बसून राहायचं नाही. डाव्या दारानं उतरायचं, मुलांचे हात धरून लोखंडी कठड्याच्या पलीकडं जायचं, बंद गाडीच्या पुढं नाही, थोडं मागच्या अंगाला. कुणी गाडीला ठोकलंच तर ती पुढं जाते, तुमच्याकडं येत नाही. आणि तिथून तुम्ही एकच गोष्ट करायची: मागून येणाऱ्या रहदारीकडं बघत राहायचं. चाकाशी वाकलेल्याचं डोकं नटात असतं, त्याला मागचं दिसत नाही. माझ्या गॅरेजात नवीन पोरगं आलं की पहिले सहा महिने त्याला पान्याला हात लावू देत नसे मी. रस्त्यावर गेलो की ते फक्त मागं बघायचं आणि ओरडायचं, 'मामा, ट्रक यायलाय!' आम्ही उठून कठड्याकडं सरकायचो, ट्रक गेला की परत बसायचो. एका टायरला वीस मिनिटं जास्त लागायची. तेवढ्या वर्षांत पोरगं एकही गमावलं नाही.

उसाच्या हंगामाचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण तुमची ती रात्र ऐन हंगामातली होती. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी, सगळीकडं डबल ट्रॉल्या चालू असतात. ट्रॉलीच्या बाहेर वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबतं, मागचा दिवा असलाच तर वाढ्याखाली गडप, आणि एक्सल तुटला की अख्खी ट्रॉली जागीच उभी राहते. ट्रॅक्टरवाला एकटा, मालकाला फोन लावत बसलेला. अशा ट्रॉलीच्या मदतीला थांबलात तर एक्सलला हात लावू नका, तो तुमच्यानं व्हायचा नाही. त्याच्याजवळ खूण नसते, ती द्या. तुमचा त्रिकोण मागं ठेवा, पोलिसांना कळवा, आणि रेडियमची पट्टी जवळ असेल तर चार तुकडे कापून उसाच्या मोळ्यांना मागून बांधा. मी गाडीत कायम एक रीळ ठेवतो. एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याबदल्यात मला दोन ऊस दिले होते. दात उरले नाहीत, पण घेतले.

हायवेवर थांबू नका, फोन करा, असं म्हणालो ते चोर्ला घाटात लागू होत नाही. जांबोटी सोडून कणकुंबीच्या पुढं गेलात की फोनची रेंज जाते-येते, पावसाळ्यात दुपारी चारलाच काळोख, वर धुकं. तिथं बंद मोटरसायकलशेजारी भिजत उभ्या असलेल्या जोडप्याला तुम्ही सोडून गेलात तर पुढची गाडी कधी येईल सांगता येत नाही. तिथं थांबायचं. पण वळणावर नाही, पुढं जिथं रस्ता रुंद आहे तिथं थांबून चालत मागं यायचं, डोंगराच्या अंगानं दगड सुटतात तिकडं वर नजर ठेवून. गाडी दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. बाईमाणसाला, म्हाताऱ्याला, पोराला गाडीत घेऊन पुढच्या गावात सोडा आणि निरोप पोचवा. घाटात निरोप हीच क्रेन. आणि धुक्यात चालती गाडी चारही इंडिकेटर लावून हाकणारे जे शहाणे असतात, त्यांच्यात मिस्टर असतील तर कान धरा. चालत्याचेही चार दिवे, उभ्याचेही चार दिवे, मग मागच्यानं ओळखायचं कशानं?

फसवणुकीची भीती तुम्ही पत्रात घातली नाही, पण सासूबाईंशी बोलताना ती निघणारच. कुणी आडवा झोपलेला दिसतो, कुणी मधे उभा राहून हात करतो. मन कचरलं तर काचा वर, दारं लॉक, पुढं उजेडात जाऊन ११२ ला फोन. यात लाज वाटायचं कारण नाही.

अपघातच झालेला असेल तर मात्र पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन पुढं जाऊ नका. ती भीती जुन्या काळातली आहे. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या मार्चमध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. कर्नाटकानं त्याच साली स्वतःचा कायदा केला, त्याला राष्ट्रपतींची संमती २०१८ मध्ये मिळाली. मग २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं: चांगल्या हेतूनं केलेल्या मदतीत काही कमीजास्त झालं तरी तुमच्यावर दावा नाही, खटला नाही. २०२० च्या नियमांप्रमाणं नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार पैसे न भरता मिळायची योजना आहे, तेव्हा 'डिपॉझिट कोण भरणार' हाही प्रश्न अडवत नाही. जखमीला हात-पाय धरून ओढू नका, पाणी पाजू नका, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. पहिला तास वाया गेला नाही पाहिजे, एवढंच.

सासूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, त्या खात्यात मी पडत नाही. पण वाढदिवसाला मिस्टरांना शर्ट घेणार असाल तर या वर्षी रेडियमचं जॅकेट घ्या. दोन घ्या, एक तुमच्या मापाचं. काळा टी-शर्ट फरशी पुसायला काढा.

आता ते चार दगड. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गाडी बंद पडली की ड्रायव्हर मागं झाडाची फांदी टाकतो, दगड मांडतो. फांदीचं ठीक आहे, अंगावर गेली तर मोडते. दगड रात्री कुणाला दिसत नाही. आणि चाक बदलून झालं की आनंदात सगळे हात पुसून निघून जातात, दगड तिथंच डांबरावर. मागून मोटरसायकलवरून कामावरनं घरी निघालेलं एखादं पोर येतं. माझ्या गॅरेजासमोर असे तीन जण पडलेले मी उचललेत, त्यातला एक पुन्हा चालला नाही. तुम्ही पत्रात दगड मांडल्याचं लिहिलंय, ते निघताना कुणी उचलल्याचं लिहिलेलं नाही. मिस्टरांना विचारून मला कळवा.